वाटेतलं वेगळं लिहायचं

सरांना “कसे आहात?” असं विचारायची सोय नव्हती. “घरून निघालो तेव्हा बरा होतो,” असं उत्तर यायचं. नव्या माणसाला वाटायचं, वाटेत काहीतरी झालं असावं. तो काळजीने म्हणायचा, “आणि आता?” मग सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे. “कोणता आता? तुमचा का माझा?” एवढं झाल्यावर तो माणूस पुन्हा सरांच्या प्रकृतीच्या वाटेला जात नसे.

अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते संगणकशास्त्र शिकवायचे. आधी मी त्यांची विद्यार्थिनी होते, मग त्याच विभागात शिकवायला लागले. अभ्यासक्रमातले बाकीचे धडे ते उरकून टाकायचे, पण एका धड्यावर त्यांचा फार जीव होता. दहा ठिकाणी दहा संगणक आहेत. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, सगळ्यांचं मिळून एक घड्याळ नाही. एकमेकांशी बोलायचं तर निरोप पाठवायचा, आणि निरोप पोचायला वेळ लागतो. अशा सगळ्यांचं मिळून एक चित्र काढायचं, तेही कोणाचं काम न थांबवता, हे कसं जमवायचं? पुस्तकात याला पाच पानं होती. सर त्यावर तीन आठवडे काढायचे.

“सगळ्यांना एकदम थांबा म्हणून सांगितलं तर सर?” असं दर वर्षी कोणीतरी विचारायचंच.

“थांबवून पाह्यलं त काय पाह्यलं?” सर म्हणायचे. “थांबलेलंच दिसन ना मग. चालून राहिलेलं कुठी दिसलं?”

हे त्यांचं मत पुस्तकापुरतं नव्हतं. कॉलेजच्या वार्षिक फोटोत फोटोग्राफर “रेडी” म्हणाला की सर मुद्दाम मान हलवायचे. विभागाच्या भिंतीवर ओळीने लावलेल्या त्या फोटोंत शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे ओळखू येतात, सरांच्या खांद्यांवर मात्र नुसता एक धुरकट गोळा आहे. हजेरीच्या मस्टरवर येण्याची वेळ लिहायची असे. सर तिथे लिहायचे, “शिपायानंतर, प्राचार्यांच्या आधी.” प्राचार्यांनी बोलावून झापलं, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, की भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, ऑफिसातलं चार मिनिटं पुढे आहे, पण कोण कोणाच्या आधी आलं यात काही चूक निघत असेल तर दाखवा. चूक निघाली नाही. प्राचार्य पुढे महिनाभर वेळेवर आले.

तो धडा शिकवायचा दिवस आला की सर पिशवीभर चिंचोके घेऊन यायचे. दहा जणांना उठवून वर्गात लांब लांब बसवायचे आणि मिळून शंभर चिंचोके वाटायचे. आपल्या शेजाऱ्याला मनाला येईल तेव्हा, मनाला येतील तितके चिंचोके पाठवत राहायचं. हातोहात द्यायचे नाहीत, मधल्या बाकांवरून सरकत सरकत जाऊ द्यायचे. मग सर एका मुलाला सांगायचे, जा, सगळ्यांकडचे मोजून ये. तो फिरून यायचा आणि सांगायचा, “चौऱ्याण्णव.” पुन्हा पाठवला की एकशे सात. पहिल्या बाकावर मोजलेला चिंचोका तो पाचव्या बाकावर पोचेपर्यंत तिथे जाऊन पुन्हा मोजला जायचा, किंवा बाकांच्या मध्येच असायचा आणि कोणाच्याच हिशेबात यायचा नाही. वर्ग हसून हसून बेजार.

मग खिशातून पिवळ्या चिठ्ठ्या निघायच्या. नियम असा: पिवळी चिठ्ठी हातात आली की आधी आपले चिंचोके मोजून कागदावर लिहायचे. लगेच आपल्या सगळ्या शेजाऱ्यांना एकेक पिवळी चिठ्ठी धाडायची आणि खेळ पुढे चालू. ज्या शेजाऱ्याची पिवळी चिठ्ठी अजून यायची आहे, त्याच्याकडून मधल्या वेळात जे चिंचोके येतील, ते वाटेत होते. “वाटेतलं वेगळं लिहायचं,” सर चारचारदा बजावायचे. चिठ्ठ्या फिरून झाल्या की सगळ्यांचे कागद आणि वाटेतले कागद मिळवायचे. बेरीज शंभर. दर वर्षी शंभर. दर वर्षी सर पहिल्यांदाच जमल्यासारखे खूश व्हायचे आणि टेबलावर थाप मारायचे.

“असे चिंचोके कोन्याच एका क्षणी नव्हते,” ते म्हणायचे. “पन हे चित्र खोटं नाही. खोटं कधी होते? मिळालं म्हणून लिहिलं आणि पाठवल्याचं कुठीच नाही, तेव्हा. पाठवलं म्हणून लिहिलं अन् मिळालं नाही, त्याले खोटं म्हणायचं नाही. ते वाटेत आहे.”

सर राजापेठेत एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. खाली ट्यूशन क्लास, समोर मोबाईलची दुकानं, दिवसभर गाड्यांचे हॉर्न. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. दुसरं कोणी आलं की सर खाटेवर बसायचे आणि तिसरं कोणी कधी आलेलं मी पाहिलं नाही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अकोल्याला, जठारपेठेत असायच्या. शाळेत गणित शिकवायच्या. लोकांना वाटायचं काहीतरी मोठं बिनसलंय. मलाही वाटायचं. एकदा धीर करून विचारलं.

“भांडण नाही गं,” सर म्हणाले. “माझी नोकरी इथं, तिची तिथं. सुरुवातीले ती म्हणे तुमी या, मी म्हणो तू ये. ती निघाली नाही, मी निघालो नाही. पंधरा वर्सं झाली.”

अमरावतीहून अकोला म्हणजे एसटीने अडीच तास. बडनेरा, मूर्तिजापूर, की आलंच. लोक रोज जाऊन-येऊन नोकऱ्या करतात. मी स्वतः अकोल्याच्या डाबकी रोडची, दर शनिवारी घरी जाणारी आणि सोमवारी सकाळी परतणारी. म्हणूनच सरांनी मला धरलं. शनिवारी धुतलेला डबा, मोसम असला तर संत्री, आणि एखादं गणिताचं कोडं माझ्याबरोबर काकूंकडे जायचं. सोमवारी काकूंची पिशवी परत यायची: जवसाची चटणी, पोळ्या, कधी शेवया, आणि कोड्याचं उत्तर, तेही सरांच्या उत्तरापेक्षा दोन ओळींनी आखूड. फोन दोघांकडेही होते.

“फोनवर ती म्हणते बरी आहे, मी म्हणतो बरा आहे,” सर सांगायचे. “दोघंही थांबून फोटो काढून घेतो. त्यातनं काय समजते?”

म्हणून वर्षातून दोनदा सर घराचं चित्र काढायचे. घर म्हणजे तिघं: अमरावतीला सर, अकोल्याला काकू, आणि अंजनगाव सुर्जीला पानमळा करणारा धाकटा भाऊ. सर आधी स्वतःचं लिहायचे, मग दोन पिवळ्या चिठ्ठ्या निघायच्या. भावाकडची तिकडच्या एखाद्या विद्यार्थ्याबरोबर, काकूंकडची माझ्याबरोबर. चिठ्ठी हातात पडली की ज्याने त्याने त्या घडीचं लिहायचं: कुठे आहे, काय करतोय, काय दुखतंय, काय उरकायचं राहिलंय. आणि आजवर कोणाला काय काय पाठवलं, काय मिळालं, तेही. कागद पाकिटात, पाकीट बंद. आधी पिशवी द्यायची, मग पाकीट. हा क्रम चुकला की सारं मुसळ केरात.

“तू म्हणजे वाट आहेस,” सरांनी मला सांगून ठेवलं होतं. “वाटेनं वाचायचं नाही, उघडायचं नाही, मधातच ठेवून घ्यायचं नाही. जे दिलं ते आणून द्यायचं.”

भावाचा कागद नेहमी एकसारखाच. “मळ्यात आहो. पानं बरी आहेत. दादा हे काहून करून राहिले, मले समजत नाही.” काकूंचा कागद मात्र गणिताच्या बाईचा. “उभी आहे. दूध गॅसवर. डावा गुडघा दुखतो. नववी ब चे पेपर बाकी. मिळालं: संत्री बारा, एक नासलेलं.” तिन्ही कागद आले की सर ते टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे, वहीत मिळालेलं-पाठवलेलं जुळवायचे, आणि मग मोठ्याने, आलटून पालटून वाचायचे. एक ओळ भावाची, एक काकूंची, एक स्वतःची. दहा मिनिटं चालायचं हे वाचन. ती दहा मिनिटं सर भरल्या घरात बसलेल्या माणसासारखे दिसायचे. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. नंतर नंतर मी खिडकीबाहेर बघायचे, कारण ते वाचताना त्यांच्याकडे बघवत नसे.

आता मुख्य गोष्ट सांगते, ती सांगायचं टाळत आले आहे.

त्या शनिवारी माझ्या पर्समध्ये पिवळी चिठ्ठी होती. मी जठारपेठेत पोचले तेव्हा काकू ओट्याशी होत्या. मी बसायच्या आतच त्यांनी डबा पुढे केला, लोणच्याची बरणी दिली, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “एक निरोप आहे त्यांच्यासाठी. सांगशील?”

“सांगते ना.”

“सांग, की गुरुवारी दवाखान्यात भरती व्हायचं आहे मले. पोटातली गाठ काढून राहिले. घाबरायसारखं नाही म्हणते डॉक्टर. पन सही करायले घरचं कोणी पाह्यजे. आले त बरं होईन.”

मी डबा आणि बरणी पिशवीत ठेवली. मग आठवलं म्हणून पिवळी चिठ्ठी काढून दिली. काकू ती बघून हसल्या. “याले बी आजच यायचं होतं,” म्हणाल्या, आणि हात पुसून टेबलाशी बसून लिहायला लागल्या. कागद घडी करून पाकिटात घातला, डिंक लावला. मी पिशवी उचलली. फाटकापर्यंत त्या सोडायला आल्या आणि तिथे एकदम म्हणाल्या, “तो निरोप राहू दे. नको सांगू.”

“अहो पण काकू...”

“पंधरा वर्सं नाही म्हटलं, या म्हणून. आता सहीसाठी म्हणू काय? नको सांगू. शप्पथ आहे तुले.”

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. आधी पिशवी दिली, मग पाकीट. भावाचा कागद आदल्या दिवशीच आला होता. सरांनी वही उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “वाटेत काय काय होतं?”

“डबा,” मी म्हटलं, “आणि बरणी.”

त्यांनी लिहून घेतलं. पाकीट फोडलं. कागदावरून बोट फिरवत ते खाली आले आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मला खुर्चीवरून ती ओळ दिसत होती. काकूंच्या ठसठशीत अक्षरात होतं: “पाठवलं: डबा एक, बरणी एक, निरोप एक.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. फाटकाशी ‘नको सांगू’ म्हणण्याआधी त्यांनी लिहिलं होतं. तेव्हा तो निरोप पाठवलेलाच होता.

सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बरणीकडे पाहिलं. जिना चढतानाच मी मनाशी ठरवलं होतं, की त्यांनी एकदा विचारलं तर शपथ पाळायची, पण दुसऱ्यांदा विचारलं तर सांगून टाकायचं, मग काकू काय म्हणायचं ते म्हणोत. खालच्या क्लासमध्ये कोणीतरी पाढे म्हणावे तशी सूत्रं म्हणून घेत होतं.

“बरं,” सर म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि मला विचारलं, बडनेऱ्याच्या पुलाजवळ अजून रस्ता खोदलेलाच आहे का? आहे, मी म्हटलं. त्या दिवशी त्यांनी कागद वाचले नाहीत.

मला वाटलं, सुटले. त्यांना वाटलं असेल, काकू चुकल्या. मी स्वतःला हेच सांगत राहिले. त्या आठवड्यात सर रोजच जादा तास घेत होते. गुरुवारी तर त्यांनी स्वतःचे दोन तास घेतले, मग रजेवर असलेल्या एका प्राध्यापकांचा तास घेतला, मग मोकळ्या बसलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बोलावून त्यांचाही घेतला. पाण्याचा घोटसुद्धा न घेता बोलत होते. मुलं म्हणाली, आज सर फॉर्मात आहेत.

काकूंना काही झालं नाही. गाठ साधी निघाली. सही शेजारच्या बाईंनी केली, नातं विचारलं तेव्हा ‘बहीण’ असं लिहून. त्या शनिवारी मी अकोल्याला जायचं टाळलं; चार दिवसांनी काकू घरी आल्या, हे मला आईकडून फोनवर कळलं. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. सरांचा धुतलेला डबा त्यांनी घेतला, पण सोमवारसाठी पिशवी भरून ठेवली नव्हती. “आता होत नाही मायाच्यानं,” एवढंच म्हणाल्या. पिशवी बंद झाली ती बंदच झाली. सरांनी का म्हणून विचारलं नाही. पिवळ्या चिठ्ठ्याही पुन्हा निघाल्या नाहीत. वर्गात मात्र ते दर वर्षी चिंचोके घेऊन यायचे, बेरीज शंभर यायची, टेबलावर थाप पडायची.

सहा वर्षं मी हे ओझं घेऊन हिंडले. दोन माणसांच्या मध्ये मी एकटीच होते आणि मीच दगा दिला, असं वाटायचं. झोप उडावी असं काही नाही, पण एसटीत मूर्तिजापूर आलं की हटकून आठवायचं. सर निवृत्त झाले, त्या आठवड्यात मी न राहवून त्यांच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगून टाकलं. निरोप, शपथ, बरणीकडे पाहणं, सगळं. सांगताना रडले.

सर खाटेवर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर उठले, कपाटातून वह्या काढल्या, त्यातली एक उघडून माझ्यापुढे धरली. त्या सोमवारचं पान होतं. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: “वाटेत: डबा एक, बरणी एक, निरोप एक.”

“मले मालूम होतं,” ते म्हणाले.

“काय मालूम होतं?”

“की तुह्यापाशी एक निरोप आहे. काय आहे ते नाही मालूम. पन तिनं निरोप म्हणून लिहिलं, पंधरा वर्सांत पहिल्या खेपेला. सादासुदा असता त तू सांगितला असता.” ते पुन्हा खाटेवर बसले. “दुसऱ्यांदा विचारलं असतं त तू सांगून टाकलं असतं. तुह्या तोंडावर दिसत होतं.”

“मग विचारलं काहून नाही सर?”

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, “विचारलं असतं त जावं लागलं असतं. अन् गेलो असतो, अन् तिनं म्हटलं असतं, आता काहून आले? मंग मी कुठी गेलो असतो, बेटा?”

मला सरांचा इतका राग आला की मी तशीच उठले. सहा वर्षं मी स्वतःला दोष देत होते आणि हा माणूस चार गुणिले पाच फुटांच्या टेबलावर सगळं लिहून, जुळवून बसला होता. दाराशी गेले, तोवर मागून म्हणाले, “या वह्या ने तू. इथं कोणाले दाखवू?” मी रागातच त्या उचलल्या. जिना उतरताना मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. दोन दिवस दवाखान्यात होते, भाऊ जवळ होता. नंतर खोली रिकामी करायला काकू आल्या. राजापेठेतला तो जिना त्या पहिल्यांदा चढल्या. मी मदतीला गेले होते. सरांचा भाऊ खाली टेम्पोवाल्याशी बोलत होता. काकूंनी खोलीभर नजर फिरवली, खाटेवर बसल्या, आणि सरांचे शर्ट एकेक करून घडी घालायला लागल्या. इस्त्री नसलेले, कॉलर विरलेले शर्ट. देऊन टाकायचेच होते, तरी काकू बटणं लावून नीट घडी घालत होत्या.

“तुले एक विचारू?” त्या म्हणाल्या.

“विचारा ना काकू.”

“माया ऑपरेशनच्या वक्ती तुले एक निरोप सांगितला होता. मग नको म्हटलं. आठवते?”

“आठवतं.”

“तू सांगितला नसशीन. शपथ मोडणारी नाहीस तू, ते मालूम आहे मले. पन कागदावर लिहिला होता मी. तुह्यासंगं फाटकापर्यंत आली, पन पाकीट परत मागून ते खोडलं नाही. मुद्दामच नाही खोडलं.” त्यांनी शर्टाची बाही आत दुमडली. “म्हटलं, हे त जुळवतीनच. जुळवल्याबिगर राहत नाहीत. त्यांच्याच हिशेबानं त्यांले दिसलं, अन् आले, त मग मी बोलावलं असं होत नाही. बुधवारपासून फाटकाकडे पाहत होती मी.”

माझ्या घरी कपाटात ती वही होती. त्या पानावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं.

“विचारते एवढंच,” काकू म्हणाल्या. त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. “पाह्यलं होतं काय त्यांनी?”

“नाही काकू,” मी म्हटलं. “त्या सोमवारी कॉलेजात तपासणी होती, नुसती धावपळ. पाकीट त्यांनी तसंच वहीत ठेवून दिलं. मग ते फोडायचं राहूनच गेलं.”

काकूंचे हात शर्टावर थांबले. किती तरी वर्षांनी पाठीवरची पिशवी उतरवून ठेवावी तसे त्यांचे खांदे खाली आले.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “नाहीतर आले असते.”

“आले असते काकू,” मी म्हटलं.